सातव्या मशीनवरचा गडी

आमच्या धंद्यात पुसण्याला फार मान आहे. संगणक मंद झाला, मध्येच बंद पडू लागला, पडद्यावर नको ते दिसू लागले, की लोक तो चादरीत गुंडाळून दिंद्रुडच्या पेठेतील माझ्या केंद्रात आणतात. दहापैकी आठ वेळा माझे उत्तर ठरलेले असते: सगळे पुसू आणि नव्याने भरू. पुसलेले यंत्र नव्यासारखे चालू लागते आणि त्याचे श्रेय मला मिळते.

माझ्या कामातील एखादा चांगला अनुभव या अंकासाठी लिहावा, असा निरोप आला तेव्हा मी आधी नकार कळवला होता. ज्या कामाबद्दल लोक माझे कौतुक करतात, ते एका चुकीची भरपाई म्हणून सुरू झाले. त्या चुकीपेक्षाही तिच्यानंतर मी जे बोललो ते अधिक वाईट होते. ते गाळून उरलेले लिहिणे मला जमले नसते. म्हणून सगळेच लिहितो.

मी मूळचा टंकलेखनाचा माणूस. अंबाजोगाईला ज्या संस्थेत मी शिकलो, तेथे खंडेनवमीचा दिवस मोठा असे. गुरुजी त्या दिवशी सगळी टंकयंत्रे उघडत. टाइपांच्या खाचांत साचलेली शाई रॉकेलने धुऊन निघे, रोलर पुसले जात, जुनी रिबन फेकून नवी बसे. मग हळदकुंकू आणि नारळ. आदल्या दिवसापर्यंत त्या यंत्रांवर कोणी काय बडवले, याची एकही खूण मागे उरत नसे आणि ती उरू नये हेच आमचे कौशल्य होते. पुढे मी दिंद्रुडला स्वतःचे केंद्र काढले, टंकयंत्रे गेली, संगणक आले. पण खंडेनवमी तशीच राहिली. रॉकेलच्या जागी स्पिरिट आले आणि नव्या रिबनीच्या जागी नव्याने भरलेली यंत्रणा. टंकयंत्राला आठवण नसते, संगणकाला असते, एवढा एक फरक मी कधी नीट मनावर घेतला नव्हता.

तेव्हा केंद्रात सात मशीन होती. सकाळी वर्ग चालत, संध्याकाळी महाविद्यालयातील मुले खेळ खेळायला येत. दुपार बहुतेक रिकामी. त्या रिकाम्या वेळेला चमत्कारिक गिऱ्हाइके असत. एक गृहस्थ रोज येऊन पडद्यावर स्वतःचा सातबारा उघडून पाहत आणि नाव जागेवर आहे अशी खात्री झाली की उठून जात. गाळ्याचे मालक मन्मथअप्पा यांचे कापडाचे दुकान शेजारीच होते. ते दुपारी दुकान लेकावर सोपवून येत आणि पहिल्या मशीनवर पत्ते लावत बसत. कपाळावरचे भस्म घामाने ओघळले तरी त्यांची नजर पत्त्यांवरून हलत नसे. मात्र केंद्रात कोण काय बोलले, त्यातील एक अक्षरही त्यांच्या कानातून सुटत नसे.

आणि सातव्या मशीनवर भागवत मिस्त्री.

भागवत जिनिंगमध्ये फिटर होता. कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रात त्याचा उजवा हात गेला. अंगठा आणि निम्मा तळवा तेवढा वाचला. त्या हातावर तो सदैव एक मोठा रुमाल गुंडाळून असे. जिनिंगच्या मालकाने त्याला शब्द दिला होता, की दिवाळीच्या पाडव्याला हंगामाचा वजनकाटा सुरू होईल तेव्हा संगणकावर वजने नोंदवण्याचे काम जमवून दाखव, खुर्ची तुझी. नाही जमले तर दुसरा माणूस पाहावा लागेल. हे सांगायला तो पहिल्यांदा आला तेव्हा पाडवा अजून दहा महिने दूर होता. मधल्या काळासाठी मालकाने त्याला फाटकावर बसवले होते.

मी त्याला आकड्यांचे धडे दिले. टंकलेखन शिकवणाऱ्याला दुसरे काय सुचणार? चार दिवस त्याने ते इमानाने केले. पाचव्या दिवशी म्हणाला, “सर, आकडे आंगावर येत न्हाईत. आंगावर काई आल्याबिगर हात हालत न्हाई माझा.”

“मग काय आणू तुमच्या अंगावर?”

“ती पोरं सांजच्याला खेळत्यात ते लावून द्या की. राक्षसाचं.”

मी हसत हसत ते लावून दिले. मला वाटले, दोन दिवसांची हौस आहे.

ज्यांनी असे खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. या खेळात आपण एक पात्र घेतो. सुरुवातीला ते अगदी कच्चे असते. लढाया जिंकत गेलो की पायरी वाढते आणि दर पायरीला काही गुण मिळतात. ते ताकदीत घालायचे, चपळाईत, तग धरण्यात की जादूत, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. एकदा घातलेला गुण परत काढता येत नाही. तालमीत एखादा वस्ताद आपला पठ्ठा घडवताना किती जोर, किती बैठका, कोणता डाव आधी, कोणता नंतर, हे ठरवतो, तसाच हा प्रकार. या सगळ्या निवडींच्या बेरजेला मी बांधणी म्हणतो. खेळ एकच असला तरी प्रत्येकाची बांधणी निराळी होते, आणि तीत खेळणाऱ्याचा स्वभाव दिसतो.

संध्याकाळची मुले चपळ तलवारबाज घडवत. भागवतने सावकाश चालणारा, ढाल आणि घण घेतलेला एक दांडगा माणूस घेतला. त्याला त्याने नावही दिले नाही. नुसता ‘गडी’ म्हणे. सगळे गुण त्याने तग धरण्यात घातले.

“अहो, मारायची ताकद कधी वाढवणार?” मी एकदा विचारले.

“आदी मार खाता आला पायजे, सर. मारायचं काय, एका बटनाचं काम हाय.”

ते खरोखर एका बटणाचे काम होते, कारण त्याने तसे करून घेतले होते. चपळ लढवय्याला दोन्ही हातांची बोटे लागतात. भागवतने खेळातील सगळ्या क्रिया कळफलकाच्या उजव्या टोकाला असलेल्या आकड्यांच्या कळांवर आणल्या, कळफलक डावीकडे सरकवून तो भाग डाव्या हाताखाली घेतला, आणि रुमालातल्या हाताने कळफलक दाबून धरला. चार आणि सहावर चालणे, पाचवर घाव, शून्यावर ढाल. कोणत्या कळेवर काय, हे कळावे म्हणून जखमेला लावायच्या चिकटपट्टीचे बारीक तुकडे त्याने अकरा कळांवर चिकटवले आणि त्यांवर पेनाने खुणा केल्या. आणि काट्यावर लागणार होते ते याच कळांवरचे आकडे! दहा महिन्यांत त्याचा डावा हात त्या कळांवर न पाहता फिरू लागला. जे मला शिकवता आले नाही, ते त्या गड्याने त्याला शिकवले.

पाडव्याला तीन आठवडे उरले असताना खंडेनवमी आली. त्याच्या आदल्या आठवड्यात भागवतने मला विचारले होते, “सर, नवमीला तुमी समद्या मशीनी धुता म्हनं. माझा गडी ऱ्हाईल ना?”

मी तेव्हा कोणाचा तरी अर्ज भरत होतो. मान वर न करता म्हणालो, “खेळ डी ड्राइव्हवर आहे. त्याला काही होत नाही.”

खेळ डी ड्राइव्हवर होता, हे खरे. मी पुसतो तो सी ड्राइव्ह, हेही खरे. पण खेळाडूची प्रगती हा खेळ सी ड्राइव्हवरच्या एका आतल्या कप्प्यात ठेवत असे. ते पाहून घ्यायला पाच मिनिटे लागली असती. ती पाच मिनिटे मी दिली नाहीत, कारण माझ्या लेखी तो खेळ होता.

नवमीला मी सातही मशीन पुसली. कळफलक स्पिरिटने घासले. सातव्या कळफलकावरचे मळकट चिकटपट्टीचे तुकडे नखाने खरवडून केरात टाकले. गुरुजी असते तर शाबास म्हणाले असते, असेही मनात येऊन गेले. हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी भागवत आला. सोने म्हणून आपट्याचे पान माझ्या हातात दिले, पाया पडला आणि सातव्या मशीनवर जाऊन बसला. खेळ उघडल्याचा आवाज आला.

“सर, गडी कुठं गेला?”

मी उठून पडद्यापाशी गेलो. ‘नवीन पात्र तयार करा’ एवढेच तेथे होते. मला क्षणात सगळे कळले. आणि त्याच क्षणी मी म्हणालो, “व्हायरस आला होता, भागवत. सगळं खाऊन टाकलं.”

इतक्या वर्षांत मी गिऱ्हाइकाशी खोटे बोललो नव्हतो, अशी माझी समजूत होती. पण ते वाक्य ज्या सफाईने बाहेर आले, ती पाहता ते आधीपासून माझ्याजवळ तयार असावे.

भागवतने कळफलकाकडे पाहिले, कोऱ्या कळांवरून डाव्या हाताचे बोट फिरवले. “पट्ट्या बी त्यानंच खाल्ल्या का?” असे त्याने विचारले असते तर बरे झाले असते. त्याने विचारले नाही. तो एवढेच म्हणाला, “एकदा हात गेलता, तवा दवाखान्यात तरी नेलतं. आता कुठं जावं?” आणि रुमाल सावरत निघून गेला.

पहिल्या मशीनवरून, पत्त्यांवरची नजर न हलवता मन्मथअप्पा म्हणाले, “सर, व्हायरस कवा आला हो? परवा तर नारळ फोडला तुमी त्याच्याम्होरं.”

मी अर्जांचा गठ्ठा उगीच नीट लावू लागलो.

“न्हाई, मी आपलं इचारलं. आमच्या दुकानात कापड फाटलं तर आमी उंदरावर घालतो. तुमच्याकडं व्हायरस. सोय चांगली हाय.”

भागवत दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. त्याची बायको सुमनताई भाजी बाजारात भेटली. तिच्याकडून कळले, ते असे. भागवतने मालकाला निरोप धाडला होता, की काट्याला दुसरा माणूस बघा. मालकाने मात्र पाडव्यापर्यंत थांबतो, असे उलट कळवले होते. “घरात बसून मशीनीला शिव्या घालायलेत,” ती म्हणाली. “मी म्हनलं, पुन्यांदा करा की. तर म्हनले, काय काय कवा केलं ते माझ्या ध्यानातच न्हाई.”

त्या वाक्याने मला वाट दाखवली. गेलेला गडी मी परत आणू शकत नव्हतो. पुसलेल्या जागेवर नवी यंत्रणा भरली गेली होती, जुने काही हाती लागेना. पण गडी कसा घडला, ते कोठे लिहून ठेवलेले असते तर तो पुन्हा घडवता आला असता. दहा महिने गेले होते ते चाचपडण्यात. योग्य पायऱ्या ठाऊक असल्या तर तेवढा वेळ लागत नाही. माझ्या हाती पंधरा दिवस होते. मी ठरवले, की बांधणी लिहून ठेवणारा एक छोटा प्रोग्रॅम आपण स्वतः लिहायचा, आणि तो घेऊन भागवतच्या दारात जायचे. नुसता माफीचा शब्द घेऊन जायचे धैर्य माझ्यात नव्हते, हेही येथे नोंदवतो.

मी प्रोग्रॅम लिहिणारा माणूस नव्हे. एक जुनी संगणकीय भाषा मी वर्गात शिकवत असे, पण तिच्यात दोन संख्यांच्या बेरजेपलीकडे स्वतः कधी काही केले नव्हते. सहा दिवस रोज पहाटे वर्गाआधी बसलो. सातवे मशीन इतके जुने होते, की जड काही उघडायला गेले तर चहाला आधण येईपर्यंत ते घुरघुरत राही; म्हणून प्रोग्रॅम हलका हवा होता. एकच पान, सहा रकाने: नाव, पायरी, गुण, हत्यारे, कळा आणि टीप. भरले, जतन केले, संपले. कोठे बसवावा लागू नये, पेन ड्राइव्हच्या कोपऱ्यातून थेट चालावा.

पहिल्या दिवशी तो चालला आणि मला फार आनंद झाला. मग पाहिले, तर तो सगळी माहिती सी ड्राइव्हवर ठेवत होता. स्वतःशीच हसलो. दुसऱ्या दिवशी मराठी अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उमटली; त्या जुन्या भाषेला आपली लिपी कळत नव्हती. लग्नपत्रिका जुळवताना वापरत असे तो जुना फाँट आणून ते निस्तरले. आणि खोडण्याच्या बटणाशी आल्यावर मी थांबलो. प्रत्येक प्रोग्रॅम विचारतो, ‘खात्री आहे का?’ आणि आपण न वाचता ‘हो’ म्हणतो. मी ‘हो’चे बटणच काढून टाकले. त्या जागी दोन ओळी घातल्या: ‘हे कोणाचे आहे? त्यांना विचारले का?’ दोन्ही उत्तरे अक्षरांनी लिहिल्याशिवाय काहीही पुसले जाणार नाही, अशी सोय केली.

आता रकान्यांत भरायचे काय? सातवा कळफलक उन्हात धरला. पट्ट्या गेल्या होत्या, पण त्यांचा गोंद स्पिरिटने पुरता निघाला नव्हता आणि त्यावर आठवड्याची धूळ बसली होती. अकरा कळा इतरांहून मळकट दिसत होत्या. आयुष्यभर मी यंत्रावरचा मळ काढत आलो. त्या दिवशी प्रथमच तो वाचला. अकरांपैकी नऊ कळांचे काम मला पाहून ठाऊक होते. दोन अंदाजाने भरल्या. गुणांचे आठवले तेवढे लिहिले. शेवटी टिपेच्या रकान्यात एक वाक्य लिहिले आणि लिहून झाल्यावर ते खोडू नये म्हणून लगेच जतन केले.

भागवत ओसरीवर बसला होता. मी जुना लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवला.

“हे काय आनलंत, सर? मला आता त्या नादाला लागायचं न्हाई.”

“लागू नका. मी एक यादी केली आहे, तेवढी बरोबर आहे का पाहा.”

तो पाहीना. मीच वाचू लागलो. चारवर डावीकडे. सहावर उजवीकडे. पाचवर घाव. “सातवर औषध, नऊवर—”

“सातवर औषध?” तो वळला. “सातवर राक्षसाला हाक मारायची व्हती. औषध टिंबावर. ढाल शून्यावर हाय ना, मंग ढाल धरल्या धरल्या बाजूच्या बोटानं औषध घ्यायचं. सातवर ठेवलं तर मरंल की तो!”

फिटरच्या समोर चुकीचा बसवलेला नट ठेवून पाहा. त्याचा हात गेल्याशिवाय राहत नाही. भागवतने डाव्या हाताने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. सात आणि टिंब दुरुस्त केले. मग गुण. “दहाव्या पायरीपस्तोर मी चुकलतो. चपळाईत घातलं आन वाया गेलं. ते आता नगं.” आपल्या ध्यानात नाही असे ज्याला वाटत होते, त्याला एकेक आकडा आठवत गेला. सुमनताई दारात उभी राहून पाहत होती. मीही पाहत होतो, आणि तो खाली खाली सरकत टिपेच्या रकान्याकडे येतो आहे, हे मला दिसत होते.

तो तेथे आला. मी लिहिले होते: ‘ही बांधणी खंडेनवमीला मी स्वतः पुसली. व्हायरस नव्हता. मी खोटे बोललो.’

त्याने ते दोनदा वाचले असावे. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, “मंग तवाच कावून न्हाई सांगितलं?”

“लाज वाटली.”

“तुमाला लाज वाटली म्हून म्या बारा दिस त्या मशीनीला शिव्या दिल्या? मालकाला न्हाई म्हनून बसलो? मला वाटलं, देवालाच मंजूर न्हाई माझं बसनं. आन हिकडं देव न्हाईच, तुमीच व्हते!”

तो उठून आत गेला. मी बसून राहिलो. निघून जावे असे वाटत होते, पण एकदा वेळेवर बोललो नाही म्हणून हे झाले, आता वेळेआधी उठायचे नाही, असे मी मनाशी धरले. सुमनताईने चहा आणून ठेवला; तो निवला, त्यावर साय धरली. तेव्हा भागवत बाहेर आला.

“सर, किती दिस ऱ्हायले पाडव्याला?”

“नऊ.”

“पुसताना तुमी एकलेच व्हते. बांधताना बाजूला बसायचं. रोज. आन आसं न्हाई—” माझ्या दहा बोटांकडे त्याने पाहिले. “उजवा हात खिशात घालायचा. सहाव्या मशीनीवर तुमी बी एक गडी घ्यायचा. माझ्यावानी.”

मी मान्य केले. दुसऱ्या दिवशी दुपारी, दहा बोटांनी न पाहता टंकलेखन करण्याचे धडे उभ्या आयुष्यभर दिलेला मी, उजवा हात खिशात घालून सहाव्या मशीनवर बसलो. पहिल्या दिवशी माझा गडी सतरा वेळा मेला. मन्मथअप्पांनी पत्ते सोडून खुर्ची आमच्याकडे वळवली.

“ओ सर, हात खिशात कावून? थंडी वाजायली का?”

“गप ऱ्हावा, अप्पा,” भागवत म्हणाला. “सर शिकायलेत.”

“शिकू द्या, शिकू द्या. अहो सर, तिकडं कुठं चाल्लाव? राक्षस मागं हाय तुमच्या!”

या शिक्षेत मला माझ्याच प्रोग्रॅमचा मोठा दोष कळला. जतन करायला मी नेहमीच्या पद्धतीने दोन कळा एकदम दाबायला लावल्या होत्या. खिशातला हात बाहेर काढल्याशिवाय मलाच ते जमेना. त्याच दिवशी सगळ्या क्रिया एकेका कळेवर आणल्या. हलका प्रोग्रॅम म्हणजे मशीनवर भार न टाकणारा, असे मी समजत होतो. तो हातालाही हलका लागतो, हे मला त्या खिशाने शिकवले.

नऊ दिवसांत भागवतचा गडी पूर्वीच्या निम्म्या उंचीपर्यंत आला. दहा महिन्यांचे काम नऊ दिवसांत पुरे होत नाही. पण हात मात्र पूर्ण परत आला होता.

पाडव्याला जिनिंगच्या आवारात कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. भागवतने मला येण्याचा आग्रह केला नव्हता, पण मी गेलो. काट्याच्या खोलीतील कळफलकावर त्याने आधीच येऊन चिकटपट्टीचे तुकडे लावले होते. पूजेची तयारी करणारा शिपाई ओले फडके घेऊन कळफलकाकडे वळला आणि म्हणाला, “कुनी हे घान लावून ठिवली?” माझा हात माझ्या नकळत पुढे गेला. मी त्याचे मनगट धरले. “आधी विचारा,” मी म्हणालो. “ज्याचं आहे त्याला विचारा, मग पुसा.” आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला असावा, कारण सगळे वळून पाहू लागले. मालक हसले आणि म्हणाले, “ऱ्हाऊ दे रे.” पट्ट्यांवरच कुंकू वाहिले गेले.

पहिला ट्रॅक्टर काट्यावर चढला. भागवतने गाडीचा क्रमांक भरला, वजन भरले, हात कोठे अडला नाही. आणि मग पडद्यावर ओळ आली: नोंद जतन करण्यासाठी दोन कळा एकदम दाबा.

काट्याचा प्रोग्रॅम दुसऱ्या कोणी लिहिलेला होता आणि मी तो आधी पाहायलाही आलो नव्हतो. एकाच कळेवर काम होण्याची युक्ती मला ठाऊक होती. पाच मिनिटांचे काम होते. पुन्हा तीच पाच मिनिटे! मी पुढे होऊन काही सांगणार, इतक्यात भागवतने माझ्याकडे पाहिले आणि मान हलवली. नको.

त्याने उजव्या हाताचा रुमाल सोडला. एवढ्या काळात तो हात मी उघडा पाहिला नव्हता. गावात कोणीच पाहिला नसावा. तो निम्मा तळवा त्याने सगळ्यांदेखत उचलला, कळफलकाच्या कोपऱ्यावर ठेवला, वाचलेला अंगठा एका कळेवर दाबला आणि डाव्या हाताने दुसरी. छपाईयंत्रातून पावती बाहेर आली. “फुडली गाडी येऊ द्या,” तो म्हणाला. दहा गाड्या झाल्यावर मालकांनी घड्याळाकडे पाहणे सोडले आणि चहा सांगितला.

आता दिंद्रुडमध्ये कोणी संगणकावर खेळायला येत नाही. सगळे खेळ प्रत्येकाच्या मुठीत आहेत. माझे केंद्र अर्ज भरण्यावर चालते. मन्मथअप्पा मात्र अजून पत्ते लावतात. माझा तो प्रोग्रॅम काही दिवस आसपासच्या केंद्रांत फिरला. हात अधू असलेल्या दोघातिघांनी तो वापरल्याचे कळले, त्याचे समाधान आहे. सातवे मशीन मी मोडीत दिलेले नाही. त्यात भागवतचा गडी निम्म्या उंचीवर उभा आहे. शेजारच्या मशीनमध्ये माझाही आहे, तो अजून तिसऱ्याच पायरीवर.

खंडेनवमी मी आजही पाळतो. फक्त आदल्या दिवशी चालत काट्यावर जातो आणि सातवे मशीन पुसू का, असे विचारतो. दर वर्षी भागवत म्हणतो, “असू द्या.” यंदा काटा नवरात्रातच सुरू झाला होता; खोलीबाहेर गाड्या उभ्या होत्या, त्याचे दोन्ही हात कळफलकावर होते, आणि रुमाल खिडकीच्या गजावर वाळत होता. मला वाटले, त्याच्या कामात उगीच व्यत्यय आणतो आहे. म्हणालो, “भागवत, तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. पुढच्या वर्षीपासून येत नाही, तसंच ठेवत जातो.”

त्याने पावती फाडून खिडकीतून बाहेर दिली आणि माझ्याकडे वळला.

“न्हाई सर. येत जा,” तो म्हणाला. “पुसू नगा, पन इचारत जा.”